परमुलुखातलं सिम



आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, यात इतिहास कुठं आला? परदेशी जाताना प्रीपेड सिम कुठल्या कंपनीचं घ्यावं, हा आजचा विषय. आपल्या मालिकेत आत्तापर्यंत किल्ले झाले, घाट झाले, देवळं झाली. सिमकार्ड पहिल्यांदाच. पण मी बंगळूरच्या बसवनगुडीत राहतो, आणि दर वर्षी मार्च-एप्रिल उजाडला की हा प्रश्न माझ्या दारात येऊन उभा राहतो. गांधी बाजारातून भाजी घेऊन येताना कुणीतरी थांबवतं. मुलगा सिअ‍ॅटलला, सुनेचे दिवस भरत आलेले, तिकिटं काढून झालेली, मेतकूट आणि डिंकाचे लाडू बॅगेत गेलेले. आता एकच राहिलेलं असतं, "तिकडं फोनचं काय करायचं हो?"

यंदा हा प्रश्न आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काका-काकूंनी विचारला. काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे बेळगावचे. काकू धारवाडच्या. सहा महिने डॅलसला मुलीकडं राहायला निघालेले. काकांनी वहीत चार अमेरिकन कंपन्यांची नावं लिहून आणली होती, प्रत्येकीपुढं महिन्याचा दर. मला म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले, जुनं-नवं सगळं धुंडाळता. यातली कुठली घेऊ?" मी म्हटलं, "काका, सांगतो. पण आधी चहा टाका, कारण मला १८९८ पासून सुरुवात करावी लागेल."

१८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात प्लेग आला. मुंबई-पुण्यात तो आधीच धुमाकूळ घालत होता, इकडं तो हुबळीच्या बाजूनं रेल्वेनं उतरला. जुन्या पेठेतली दाट वस्ती, अंधारी घरं, उंदीर. लोकांना मोकळ्या जागेत हलवण्याशिवाय इलाज नव्हता. दक्षिणेला केंपेगौडांच्या नंदीच्या देवळाजवळ आणि उत्तरेला मल्लेश्वरात नव्या वसाहतींची आखणी आधीच सुरू होती, प्लेगमुळं तिला घाई झाली. नंदीच्या देवळाजवळची ती बसवनगुडी. 'बसवन गुडी' म्हणजे बसवाचं, नंदीचं देऊळ. आणि त्याच साथीत, प्लेगविरुद्धच्या कामाचा मेळ बसावा म्हणून, बंगळुरात टेलिफोनच्या तारा टाकल्या गेल्या. म्हणजे आमची वस्ती आणि आमच्या गावचा टेलिफोन एकाच आजारपणात वाढले.

त्याच काळात शेजारच्या मद्रास इलाख्यात 'प्लेग पासपोर्ट' निघाले होते. साथीच्या गावाहून आलेल्या प्रवाशाला कागद मिळायचा आणि ठरलेले दिवस त्यानं रोज जाऊन तोंड दाखवायचं. परगावाहून आलेला माणूस म्हणजे आधी संशयित, मग पाहुणा. हे लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

टेलिफोन आला तो घराला चिकटून आला. माणसाला नंबर नव्हता, घराला होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना बंगळुरातच उभा राहिला, आणि त्याच्या भोवतीच्या वसाहतीला नाव पडलं दूरवाणीनगर. आपण दूरध्वनी म्हणतो, कन्नडमध्ये दूरवाणी. मला कन्नड शब्द जास्त आवडतो, त्यात नुसता आवाज नाही, बोलणं आहे. तिथं तयार झालेले जड काळे फोन देशभरच्या घरांत गेले, तरी फोन मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. लग्नपत्रिकेवर आणि व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढं कंसात 'पी.पी.' छापायचे, ते आठवतं? शेजाऱ्याचा फोन. 'जरा वरच्या जोशींना बोलावता का?' हे वाक्य म्हणजे त्या काळचं नेटवर्क.

१९६० मध्ये कानपूर-लखनौ एसटीडी सुरू झाली आणि १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट नंबर फिरवून बोलता यायला लागलं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे बूथ आले. रात्री उशिरा पाव दर, म्हणून गांधी बाजारातल्या बूथवर जेवणं आटोपल्यावर रांग लागायची. अमेरिकेत तेव्हा सकाळ. लाल आकडे पळायचे आणि माणसं बोलण्यापेक्षा त्या आकड्यांकडंच बघायची. २००० च्या आसपाससुद्धा अमेरिकेचं एक मिनिट साठ रुपयांच्या घरात होतं. विदेश संचार निगमची मक्तेदारी २००२ मध्ये संपली, तेव्हा कुठं ते आकडे उतरले.

पण बूथ असो की घरचा फोन, प्रवासाला निघालेला माणूस प्रवासात असेपर्यंत फोनच्या दृष्टीनं नाहीसाच व्हायचा. ही अडचण युरोपला आपल्याआधी जाणवली, कारण तिथं तीन तास गाडी चालवली की देश बदलतो. १९८२ मध्ये तिथल्या टपाल-तार खात्यांनी सगळ्या युरोपसाठी एकच मोबाइल पद्धत ठरवायला गट नेमला. १९८७ मध्ये कोपनहेगनला तेरा देशांच्या प्रतिनिधींनी करारावर सह्या केल्या. या पद्धतीचं नाव जीएसएम. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरून पहिला अधिकृत फोन झाला आणि १९९२ मध्ये फिनलंड आणि ब्रिटनच्या दोन कंपन्यांत पहिला रोमिंगचा करार झाला.

या पद्धतीतली सगळ्यात मोठी करामत मला विचाराल तर टॉवरमध्ये नाही, त्या नखाएवढ्या चिपमध्ये आहे. सिम. नंबर यंत्रातून काढून खिशात घालण्याजोगा केला. फोन कुणाचाही असू दे, चिप माझी, तर नंबर माझा. घराचा पत्ता पहिल्यांदाच माणसाच्या खिशात आला.

आता हे आपल्याकडं कसं आलं? ३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना पहिला मोबाइल फोन केला, हे बहुतेकांना माहीत आहे. ज्याची चर्चा कमी होते तो सरकारचा नकाशा. परवाने देण्यासाठी देशाची 'सर्कल्स' पाडली. मुंबई, नवी मुंबई, कल्याणचा पट्टा हे एक सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. कर्नाटक तिसरं. सुरुवातीला प्रत्येक सर्कलमध्ये खाजगी कंपन्या दोनच. आमच्या कर्नाटकात जेटी मोबाइल्स आणि स्पाइस, उर्वरित महाराष्ट्रात बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी. दर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत, आणि आलेल्या फोनचेही पैसे आपल्याच खिशातून. या नावांपैकी आज एकही पाटी रस्त्यावर दिसणार नाही. जेटी भारतीनं घेतली, स्पाइस आयडियात गेली, आयडिया व्होडाफोनमध्ये.

या नकाशानं झालं काय, की बंगळुरातल्या मराठी माणसाचं माहेर परदेशात गेलं. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली तेव्हापासून, म्हणजे जवळजवळ चार शतकं, पुणे-कोल्हापूर-बेळगाव-बंगळूर ही वाट आपल्या पायाखालची. त्या वाटेवर निपाणीच्या पुढं, कोगनोळीच्या नाक्याशी, १९९५ नंतर एक न दिसणारी वेस उभी राहिली. फोनवर कंपनीचं नाव बदलायचं आणि लोक घाईनं फोन बंद करायचे. बेळगाव जिल्ह्याच्या टोकाच्या गावांत तर घरच्या अंगणात कर्नाटक आणि मागच्या परड्यात महाराष्ट्र, अशी गत. टॉवरला भाषावार प्रांतरचना कळत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याला फोन चिकटतो.

ही वेस मला कशी भोवली ते सांगतो. २००१ चा पावसाळा. वडील कोल्हापुरात दवाखान्यात. मी नवाच मोबाइल घेतलेला, प्रीपेड, आणि भावाला बजावून सांगितलेलं की काही झालं तर याच नंबरावर कळव. रात्रीच्या बसनं निघालो. कोगनोळी ओलांडली आणि फोन मुका झाला. विकणाऱ्यानं 'सगळीकडं चालतो' एवढंच सांगितलं होतं, त्याचं 'सगळीकडं' कर्नाटकापुरतं होतं. पहाटे साडेपाचला दवाखान्यात पोचलो, तर वडिलांची खाट रिकामी. गादी दुमडून ठेवलेली. त्या वेळी वॉर्डात विचारायला कुणी नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं मी त्या खाटेशेजारी उभा होतो. मग झाडू मारायला आलेल्या मावशी म्हणाल्या, रात्री त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं. भावानं रात्रभर माझ्या नंबरावर फोन केले होते. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले, पण ती दुमडलेली गादी अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

पुष्कळ दिवस मी त्या कंपनीवर चिडून होतो. पुढं या विषयात शिरलो तेव्हा कळलं की कारण एका कंपनीपुरतं नव्हतं. प्रीपेड या कल्पनेच्या मुळातच ते होतं.

पोस्टपेड म्हणजे उधारी. कंपनी महिनाभर बोलू देते आणि मग बिल पाठवते. उधारी कुणाला मिळते? ज्याचा पत्ता पक्का, पगार पक्का, त्याला. किराणा दुकानातली खात्याची वही आठवा, वाड्यातल्या माणसाच्या नावानं पान असायचं, वाटसरूच्या नावानं नाही. वाटसरूनं रोख द्यायचे. प्रीपेड म्हणजे वाटसरूचा फोन. ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही, त्याच्याकडून आधी पैसे घ्यायचे.

कल्पना तशी जुनी. काशीला निघालेला माणूस इथल्या सावकाराकडं रोकड भरून हुंडी घ्यायचा आणि तिकडच्या पेढीवर वटवायचा. टेलिफोनात ती आली इटलीत. तिथं सत्तरच्या दशकात सुट्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून १९७६ मध्ये सार्वजनिक फोनसाठी आधी पैसे भरलेलं कार्ड निघालं. मोबाइलमध्ये ती १९९५ मध्ये पोर्तुगालनं आणली. आपल्याकडं नव्वदच्या दशकाच्या शेवटी खरवडायची कार्डं आली. नाण्यानं चंदेरी पट्टी खरवडायची आणि आकडे दाबायचे. देशात प्रीपेड वाढलं ते इतकं, की आज आपल्याकडं दहातले नऊहून जास्त मोबाइल प्रीपेड आहेत. पक्की नोकरी आणि पक्कं घर ही चैन होती, रोजच्या रोज कमावणाऱ्याला आधी पैसे देऊन मोकळं होणंच परवडणारं होतं.

आता गोम इथं आहे. मी परमुलुखात गेलो आणि तिथल्या कंपनीच्या टॉवरवरून बोललो, तर ती कंपनी माझ्या कंपनीकडं हिशेब पाठवणार. तो हिशेब त्या काळी काही तासांनी, कधी काही दिवसांनी पोचायचा. पोस्टपेडवाल्याचं ठीक, त्याच्या महिनाअखेरच्या बिलात तो चढायचा. पण प्रीपेडवाल्याची शिल्लक चालू बोलण्यात, त्याच क्षणी, कापायला हवी. तशी सोय नव्हती म्हणून प्रीपेडवाल्याला वेशीवरच थांबवायचे. पुढं दोन कंपन्यांच्या यंत्रणांना चालू फोनमध्ये एकमेकींना विचारता येईल असं तंत्र आलं, त्याचं नाव 'कॅमल'. उंट! इंग्रजी आद्याक्षरांचा योगायोग आहे, पण परमुलुखातल्या व्यापाराला याहून शोभणारं नाव मिळालं नसतं. हा उंट आपल्या दारी यायला वेळ लागला. कोगनोळीला माझा फोन मेला तो याच मधल्या वर्षांत.

देशातली वेस हळूहळू ढासळली. १ मे २००३ पासून फोन करणाऱ्यानं पैसे द्यायचे असं ठरलं आणि आलेला फोन फुकट झाला. जुलै २०१५ पासून बंगळूरचा नंबर पुण्याला जाऊनही तोच ठेवता यायला लागला. २०१७ मध्ये कंपन्यांनी देशातलं रोमिंगच काढून टाकलं. पण एक वेस अजून उभी आहे, आणि ती ठाऊक नसल्यानं दर वर्षी कुणीतरी अडकतं. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. कारण सुरक्षेचं. ओळख पटलेल्याला आत घ्यायचं आणि वाटसरूला थांबवायचं, तेच जुनं सूत्र. वैष्णोदेवी किंवा अमरनाथला निघालेल्या मंडळींनी एक तर घरातला एक नंबर पोस्टपेड करून घ्यावा, किंवा तिथं गेल्यावर स्थानिक सिमची सोय करावी.

काकांनी इथं मला थांबवलं. "हे सगळं खरं, पण डॅलस?"

डॅलसला येतो. भारतीय प्रीपेड वेशीवर थांबत होतं आणि पोस्टपेडचे परदेशातले दर घाम फोडणारे होते, म्हणून तिथलंच सिम घ्यायची रीत पडली. पण तिथं दुसरी भानगड. जीएसएम म्हणजे जगभर एक पद्धत, हे अर्धसत्य. भारतात आणि युरोपात ती ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत ८५० आणि १९०० वर. वर अमेरिकेतल्या व्हेरायझन आणि स्प्रिंट या मोठ्या कंपन्या जीएसएमवर नव्हत्याच, त्या सीडीएमएवाल्या. जपाननं स्वतःचीच निराळी पद्धत काढली होती. म्हणून २००५ च्या सुमारास अमेरिकेला गेलेल्या आईवडिलांच्या हातात मुलं आपला जुना फोन ठेवायची आणि भारतातून नेलेला फोन सहा महिने कपाटात पडायचा. भारतात बोलायला कॉलिंग कार्ड, इंडियन ग्रोसरीच्या गल्ल्यावर हिंग आणि पोह्यांच्या शेजारी मांडलेलं. त्यावर जाहीर केलेली मिनिटं आणि प्रत्यक्षात मिळणारी मिनिटं यांचा मेळ क्वचितच बसायचा.

ब्रिटनमध्ये याच गरजेतून मोठा धंदा उभा राहिला. १९९९ मध्ये व्हर्जिन मोबाइलनं नवी वाट काढली. स्वतःचा एकही टॉवर नाही, दुसऱ्याचं नेटवर्क ठोक भावात घ्यायचं आणि आपल्या नावानं विकायचं. तीच वाट पुढं लेबारानं आणि लायकामोबाइलनं धरली. या दोन्ही कंपन्या काढणारे मूळचे श्रीलंकेतले तमिळ. गावाकडं फोन करायला काय पडतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. परक्यांसाठी परक्यांनी काढलेली ही सिमं लंडनच्या कोपऱ्यावरच्या दुकानांत दुधाच्या बाटल्यांशेजारी मिळायला लागली. ओळखपत्र कुणी विचारत नव्हतं, तिथं अजूनही विचारत नाहीत. जर्मनीत मात्र जुलै २०१७ पासून ओळख पटवल्याशिवाय प्रीपेड सुरू होत नाही. आणि आपल्याकडं येणाऱ्या परदेशी पाहुण्याचे हाल विचारू नका. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, वर इथल्या कुणाचा तरी नंबर हवा, शिवाय सिम चालू व्हायची वाट बघायची. आपण तिकडच्या नियमांना नावं ठेवतो, पण वाटसरूकडं संशयानं बघण्यात आपला नंबर बराच वर लागेल.

तर काकांची वही. त्यातल्या चार नावांपैकी दोन कंपन्या अशा बिनटॉवरच्या होत्या. त्यात वाईट काही नाही, स्वस्त पडतात. फक्त त्या कुणाच्या टॉवरवर चालतात ते बघायचं. एकदा ते कळलं, की वहीतल्या दरांपेक्षा मोठा प्रश्न उरतो, मुलीच्या घरात, स्वयंपाकघरात, कुठलं नेटवर्क येतं? अमेरिकेतली घरं गावाबाहेर पसरलेली, शेजारच्या चौकात पूर्ण रेघा आणि घरात शून्य असं सर्रास होतं. हे इथं गांधी बाजारात बसून कळणार नाही. मुलीला विचारा, म्हटलं, आणि तिच्या शेजाऱ्यालाही विचारायला सांगा.

दुसरी गोष्ट, काकांचा बटणांचा फोन. त्यांचा फार जीव आहे त्याच्यावर. तो इथंच ठेवायला लावला. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली ३जी सेवा बंद केली. आता साधं बोलणंसुद्धा ४जीवरून जातं, आणि ते करू न शकणारा फोन तिथं घड्याळ म्हणून वापरावा लागेल. तिसरी, मुलीकडचा नवा आयफोन मिळणार आहे म्हणून इथून सिम नेऊन त्यात घालायचा काकांचा बेत होता. २०२२ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमची खाचच नाही. तिथं ई-सिम, म्हणजे चिप फोनच्या पोटातच आणि नंबर इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. इथला दोन सिमचा फोन हीच खरी चीज. आपल्याकडं लोकांनी दर मिनिटाच्या पैशांवर डोळा ठेवून दोन-दोन सिमं बाळगली, त्या काटकसरीतून बाजारात रुळलेला हा फोन परदेशात फार कामाला येतो.

युरोपच्या सहलीला जाणाऱ्यांनी एवढंच बघावं. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालतं. पॅरिसला घेतलेलं रोमला चालेल. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, आणि आपल्या सहलींना बर्फ तिथलाच हवा असतो. सिमच्या योजनेत स्वित्झर्लंडचं नाव लिहिलेलं आहे का ते वाचून मगच पैसे द्यावेत. दुबईला जाणाऱ्यांना वेगळा इशारा, व्हॉट्सॲपवर संदेश जातात, पण त्यावरून बोलणं तिथं बंद ठेवलेलं आहे. 'व्हॉट्सॲप आहे की' म्हणून निर्धास्त गेलेली मंडळी विमानतळावरच गोंधळतात.

हे सगळं सांगून झालं, तरी खरी अडचण अमेरिकन सिम नव्हतीच. ती होती इथल्या जुन्या नंबराची. काका म्हणाले, "सहा महिने इथलं बंदच करून टाकू ना, रिचार्ज कशाला वाया घालवा?" बँकेतली सवय, पैशाचा हिशेब आधी. मी त्यांनाच विचारलं, तुमच्या पेन्शनच्या खात्याचा ओटीपी कुठं येतो?

इथं इतिहासानं एक गमतीशीर वळण घेतलं आहे. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं इंटरनेटवरच्या कार्ड-व्यवहारांना दुसरी खात्री सक्तीची केली, आणि ती खात्री हळूहळू एसएमएसमधल्या सहा आकड्यांची झाली. पुढं आधार, पॅन, गॅसचं बुकिंग, आयकर, सगळं त्या नंबराला बांधलं गेलं. ज्या प्रीपेडवाल्याला वाटसरू समजून वेशीवर अडवत होते, त्याच्याच नंबरावर आता बँक विश्वास ठेवते. आणि तो नंबर महिन्यामहिन्यानं विकत घ्यावा लागतो. डिसेंबर २००५ मध्ये ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' नंबर विकले होते, आठवतं? २०१८ च्या शेवटी मोठ्या कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला, आणि ते आयुष्य तेरा वर्षांत आटोपलं. नंबर बरेच दिवस निपचित पडला, तर कंपनी तो दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तुमच्या बँकेचे आकडे त्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजणार.

म्हणून इथलं सिम बंद करायचं नाही. परत येईपर्यंत पुरेल इतक्या मुदतीचा रिचार्ज निघण्याआधी करायचा. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथूनच सुरू करून घ्यायचं, तिकडं पोचल्यावर ते करताना ओटीपीसाठीच ओटीपी मागितला जातो. बहुतेक कंपन्या परदेशात आलेल्या एसएमएसचे पैसे लावत नाहीत, तरी आपल्या कंपनीला विचारून घ्यायचं. आणि त्या सिमवरचा डेटा बंद, अगदी विमानात बसतानाच. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सॲप 'नंबर बदलायचा का' असं विचारेल, त्याला 'नाही' म्हणायचं. जुन्याच नंबरावर ते चालतं.

काका वहीत लिहीत होते. काकू इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईचं काय?"

त्यांच्या आई धारवाडला असतात, नव्वदीच्या. घरी तारेचा फोन. डोळे अधू झालेत, व्हॉट्सॲप वगैरे काही नाही. मुलीचा नंबर मात्र तोंडपाठ आहे, बोटांना कळ कुठं ते ठाऊक आहे. नवा नंबर आता पाठ होणार नाही. आणि जुना नंबर डॅलसला वाजला आणि काकूंनी उचलला, तर रोमिंगचं मिनिट रुपयांच्या मोठ्या आकड्यात जाणार. न उचलावा तर आई घाबरणार.

यावर कुठल्याच अमेरिकन कंपनीकडं योजना नाही. पण आपल्याकडं आहे, आणि तीही याच सोळा रुपयांच्या दिवसांत लोकांनी स्वतः काढलेली, मिस्ड कॉल. आईंनी जुन्याच नंबरावर फोन करायचा, दोनदा वाजला की ठेवायचा. इथल्या सिमवर नंबर दिसेल. काकूंनी तो उचलायचा नाही, अमेरिकन सिमवरून धारवाडला उलट फोन लावायचा. म्हणजे वहीतल्या चार योजनांतून निवडताना भारतातल्या घरगुती फोनला बोलण्याची सोय कुठल्या योजनेत आहे, हे आधी बघायचं, मग बाकीचं. व्हॉइसमेल लावलेलं असेल तर तेवढं बंद करायचं, नाहीतर न उचललेल्या फोनचेही पैसे कापले जाऊ शकतात. काकांनी वहीतली दोन नावं तिथंच खोडली.

गेल्या रविवारी त्यांनी तालीम घेतली. काकू आमच्याकडं खाली येऊन बसल्या, हातात दोन्ही फोन. ठरल्या वेळी धारवाडहून घंटी आली. एक, दोन, तीन, चार. आई ठेवेचनात. "अगं अव्वा, ठेव की," असं काकू वाजणाऱ्या फोनकडं बघून म्हणत होत्या, पण उचलत नव्हत्या. सातव्या घंटीला फोन थांबला. काकूंनी उलट लावला, तर आई म्हणाल्या, "तू उचलत का नव्हतीस? किती वेळ वाट बघितली मी."

उद्या पुन्हा तालीम आहे. विमान पुढच्या गुरुवारी.